तिसरी कंपनी

सोनूबाई : ही पान्याच्या मशीनची तिसरी कंपनी, अल्पेश. आजून किती आनशील? पयला आयला त्याला मी चा केला, दुसरा आयला त्याला पन केला. दोगांनी येक येक घोट घेतला आन कप खाली ठेवला. आता ही पोरगी पन तसंच करनार.

रुचिका : नाही आजी, मी पूर्ण पिईन. आधी पाणी मोजू द्या. विहिरीतून आत्ताच काढलंय ना हे?

अल्पेश : मीच काढलं, मॅडम. काकी, तू जरा टेक ना. ही रुचिका मॅडम रेवदंड्यावरून आलीय, उन्हातान्हात, स्कूटरवर. मॅडम, तुम्ही असं करा, मोजत-बिजत बसू नका. टॉपचं मॉडेल कुठलं ते सांगा, आजच लावून टाका. शनिवारी आमच्याकडे पूनमची हळद आहे, माझ्या बहिणीची. त्याच्या आधी इकडे सगळं ओके पायजे.

रुचिका : हळद तुमच्या घरी, आणि मशीन काकींच्या घरी?

अल्पेश : काकी धवलारीण आहे आमची, लग्नाची गाणी गाणारी. आमच्या आगऱ्यांत धवलारीण गायल्याशिवाय लग्नातलं पान हलत नाय. भटजी तासभर लेट आला तरी चालतो. आणि ही बोलते, मी येणार नाय.

सोनूबाई : नायच येनार.

रुचिका : का हो आजी? घरचं कार्य आहे.

सोनूबाई : बाय, तू तुजं पानी मोज.

रुचिका : मोजलं. दोन हजार आठशे चाळीस.

सोनूबाई : मंजे?

रुचिका : पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा. पाचशेच्या आत असलं की बिनघोर प्यावं. दोन हजारांच्या वर पिऊच नये. आधीच्या दोघांनी हा आकडा सांगितला नाही?

सोनूबाई : अलिबागवाल्यानं निली बत्ती दावली. बोलला, आजी, ही बत्ती लागली का पानी अमृत. पेटवून पन दावली. पियाले तर तसंच खारं.

रुचिका : बत्तीने जंतू मरतात, आजी. मीठ मरत नाही. आणि दुसरा?

सोनूबाई : त्यो पनवेलचा. त्याचं नाव काडू नको.

अल्पेश : अगं त्यात काय एवढं, काकी?

सोनूबाई : एवढं काय? तुज्यासमोर झालं ना! बाय, त्यानं माज्या पान्याचा गिलास घेतला आन दोन सल्या घातल्या. वायर लावली. बगता बगता पानी काल्या चिखलावानी झालं, वर फेस. बोलतो, बगा, हे तुमी रोज पिताव. मना रडूच फुटलं. सासऱ्यानं खनलेली इहीर, आन मी तिचं हे करून ठेवलंय. त्या रोजी जेवले नाय मी.

रुचिका : आजी, ती घाण तुमच्या पाण्यातली नव्हती. त्या सळया लोखंडाच्या असतात. वीज सोडली की लोखंडच झिजतं आणि पाणी काळं पडतं. विकायची युक्ती आहे ती. गावच्या नळाच्या पाण्यात घातल्या असत्या तरी तेच दिसलं असतं.

सोनूबाई : खरं सांगतंस?

रुचिका : माझ्याकडेही तो डबा आहे, कंपनीने दिलाय. मी काढत नाही.

सोनूबाई : आन मी आठ रोज आंघोलीला पन ते पानी घेतलं नाय. मेला. पन खारं तर हाय ना, बाय. खारं तर तुज्या मीटरानं पन सांगितलं.

रुचिका : खारं आहे. पहिल्यापासूनच होतं का?

सोनूबाई : पयल्यापासनं? साखर व्हती, साखर! अख्खी वाडी माज्या इहिरीवर यायची. नलाला पानी तीन रोजांनी, ते पन आयलं तर आयलं. सकालच्याला इथं हंड्यांची रांग लागायची, आन बायकांची तोंडं तर हंड्यांच्या पुडं चालायची. हलदीला नवरीच्या आंघोलीचं पानी पन माज्याच इहिरीचं, वाजतगाजत न्यायची. आता कोन येतंय?

रुचिका : मग झालं काय?

अल्पेश : अहो, समुद्राच्या काठाला हे चालायचंच. सगळ्यांच्याच विहिरी जातात. ग्लोबल वॉर्मिंग. मॅडम, ते मॉडेल—

सोनूबाई : सांगू दे मना. लपवाचं काय त्याच्यात, गावाला ठावं हाय. बाय, इहिरीच्या तलाला काला फत्तर हाय. आमचे हे, रामचंद्र, जाताना पन सांगून गेले, सोने, इहीर आटली तर आटू दे, पन काला फत्तर फोडू नको, त्याच्या खाली समिंदर निजलाय. आन दोन वर्सांमागं वैशाखात पानी पार तलाला गेलं. बायका रिकामे हंडे घेऊन बसायच्या. मना बगवंना. मी मानसं लावली आन दोन हात खोल नेली. फत्तर फोडला. पानी आयलं भसाभस. म्हयना-दीड म्हयना गोड. मंग जी खारी झाली ती झाली.

रुचिका : आणि गाव म्हणतं तुमच्यामुळे.

सोनूबाई : गावाचं काय चुकलं? येसू बोलली, नामाची बायको, हीच माजी शेजारीन. माज्या तोंडावर बोलली, सोनूबायला दोन हंड्यांची हाव सुटली आन वाडीचा घोट गेला. लगीन झाल्यापासनं चालीस वर्सं तिनं माज्या पायरीवर बसून तांदूल निवडले. त्या रोजापासनं चडली नाय पायरी. आता तूच सांग, जिनं वाडीचं पानी नासवलं तिनं मांडवात उभं राहून मंगल गानी गावाची? माजं तोंड उघडंल काय?

अल्पेश : काकी, कोण काय बोलत नाय आता. झालं ते झालं. म्हणून तर मशीन लावतोय ना मी. पैशाचं तू बघू नको.

सोनूबाई : बग, बाय. सख्खा नाय, चुलतपुतन्या. पन पोटच्या पोरानं नाय केलं एवडं करतंय. दर चैताला तल्यातला पयला जिताडा मासा मना आनून देतंय. मी सांगते, नको रं, घास उतरंना, तरी आनतंय.

रुचिका : तळं? ते मागचं, तारेचं कुंपण घातलेलं?

अल्पेश : आमचंच आहे. शेत होतं, मासे सोडले. पावसाचं पाणी.

रुचिका : येताना नामाकाकांनी मला थांबवलं. म्हणाले, आमचंही मोजून जा, फुकटात आहे तर. त्यांच्या विहिरीचं आलं तीन हजार शंभर.

सोनूबाई : त्याची पन माज्यामुलंच गेली. झरे येकच ना.

रुचिका : नामाकाकांनी विहीर खोल खणली होती?

सोनूबाई : त्यो कसली खनतो! दोरी सोडली का पोहरा लगेच पान्यात. उथल हाय.

रुचिका : मग खालचा समुद्र वर आला म्हणायचं, तर खोल विहीर जास्त खारी व्हायला हवी. इथे उथळ विहीर जास्त खारी आहे. आणि ती तळ्याला तुमच्यापेक्षा जवळ आहे. अल्पेशदादा, मी जरा तळ्याचं पाणी मोजू का? दोन मिनिटं.

अल्पेश : नको नको. आत कोणाला सोडत नाय आम्ही. मासे बिचकतात.

रुचिका : एक पेलाभर आणून द्या मग.

अल्पेश : चावी नाय माझ्याकडे. गड्याकडे आहे. मॅडम, विहिरीला मशीन लावायचंय, तळ्याला नाय.

सोनूबाई : तल्याचं गोडच हाय, बाय. जिताडा गोड्या पान्यातला, लोकं लांबनं लाँचनं रेवसच्या धक्क्याला उतरून गाड्या करून येतात त्याच्याकडं. थांब, तुला चा आनते. नलाचं पानी ठेवलंय थोडं, त्याचा करते. तुला कप खाली ठेवावा लागनार नाय.

(सोनूबाई आत जाते. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहतो.)

रुचिका : कुंपणाखालून एक काळा पाइप खाडीकडे गेलाय. स्कूटर लावताना बघितला.

अल्पेश : जुना आहे.

रुचिका : ओला होता.

अल्पेश : तुम्ही मशीन विकायला आलात की चौकशीला?

रुचिका : विकायलाच आलेय. तुम्हाला हवं तेच मोठं मशीन विकलं तर माझं महिन्याचं टार्गेट आजच भरतं. पण पाणी दर साली जास्त खारं होत असेल तर आतली गाळायची जाळी सहा महिन्यांत चोंदून बसते. कंपनी म्हणणार, गॅरंटी नाही. आणि आजी फोन करणार मला. तुम्हाला नाही करणार. तुमच्यावर जीव आहे त्यांचा.

अल्पेश : हळू बोला.

रुचिका : या फॉर्मवर एक रकाना आहे. खारेपणाचं कारण. काय लिहू?

अल्पेश : लिहा ना, विहीर खोल खणल्यामुळे. सगळं गाव तेच बोलतंय.

रुचिका : तुम्हीही तेच म्हणता?

अल्पेश : मी काय बोलत नाय. मी दोन वर्षांत एकदा पण तिला तसं बोललो नाय. विचारा तिला.

रुचिका : बोलला नाहीत, तेच तर म्हणतेय मी.

अल्पेश : मॅडम, प्लीज. तुम्हाला काय जातंय? तुम्ही आज येणार, उद्या जाणार. मला या गावात राहायचंय. शनिवारी बहिणीची हळद आहे. मी तिला मशीन देतोय, टॉपचं देतोय, जन्मभराची सर्व्हिस मी भरणार. अजून काय करू? झोप लागत नाय मला, माहितीये? तिच्या पायरीवर आलो की परत फिरावंसं वाटतं. आणि ती मायेनं जेव म्हणते. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुचिका : शिव्या घालायला तिला कळायला तरी हवं.

अल्पेश : लग्न होऊन जाऊ दे. मग सांगतो. खरंच सांगतो.

रुचिका : मी तुमच्या घरची नाही. मी रकाना रिकामा ठेवते. तुमचं तुम्ही बघा.

(सोनूबाई चहा घेऊन बाहेर येते.)

सोनूबाई : घे, बाय. बिस्कुट पन घे. अल्पेश, तू घे. तू हल्ली माज्या घरात पानी पन पीत नायस. आज नलाचं हाय, घे.

अल्पेश : नंतर घेतो.

सोनूबाई : बाय, तू शिकलेली हायेस, तुला येक इचारते. उंद्या गनराज गवंडी येनार हाय. शिमिटाची पोती पन आयली, ती बग वलनीखाली.

अल्पेश : सिमेंट? कशाला?

सोनूबाई : इहीर बुजवाला.

अल्पेश : काय?

सोनूबाई : पयलं मी त्याला इचारलं, फोडल्या फत्तरावर शिमिट वतलं तर पानी परत गोड व्हईल काय. त्यो बोलला, सांगता येनार नाय. मंग मी बोलले, बुजवूनच टाक. वाडीचे झरे त्या भोकातनं नासतात, तर भोकच नको. माजी जाईल ती जाईल, नामाची तरी सुधरंल. येसूला गोड घोट मिलंल. बाय, असं व्हईल ना? बुजवली का दुसऱ्याची सुधरंल?

रुचिका : आजी, ते मला नका विचारू.

सोनूबाई : मंग कोनाला इचारू?

रुचिका : अल्पेशदादांना विचारा.

सोनूबाई : त्याला काय ठावं? डंपर चालवनारा मानूस त्यो.

अल्पेश : काकी, गणराजला फोन कर. येऊ नको सांग.

सोनूबाई : का?

अल्पेश : सांग तू पयलं. आत्ता लाव. नायतर मी लावतो.

सोनूबाई : अरं पन का? तुला काय झालं असं घाम फुटाला?

अल्पेश : फत्तराचं काय नाय, काकी. फत्तर फोडलास त्यानं काय झालं नाय. काकाचं सांगणं खरं असंल नसंल, पन ह्या खाऱ्या पाण्याला तुझा हात लागलेला नाय.

सोनूबाई : मंग कोनाचा लागला?

अल्पेश : माझा.

सोनूबाई : येड्यावानी बोलू नको.

अल्पेश : तळ्यात खाडीचं पाणी हाय, काकी. उधाणाच्या भरतीला पंप लावतो आन पायपानं आत घेतो. त्या वैशाखात तळं आटलं व्हतं, गुडघ्याएवढं ऱ्हायलं व्हतं. दोन वर्साचे जिताडे, हातभर झालेले, तोंडं वर काढून तडफडत व्हते. मना वाटलं, चार रोज भरतीचं पाणी घेऊ, पावसात धुवून जाईल. मासे जगले. वाढले पन चांगले. पन ते पाणी नुसतं तळ्यात ऱ्हायलं नाय. जमिनीतनं पाझरलं. नामाकाकाकडं पाझरलं, तुझ्याकडं पाझरलं. गावच्या म्हशी तळ्यावर तोंड घालून न पिताच माघारी फिराय लागल्या, कोणाला कळंल म्हणून मी कुंपण घातलं. चोरांसाठी नाय घातलं.

सोनूबाई : कंच्या वैशाखात?

अल्पेश : तुझी विहीर खणली, त्याच.

सोनूबाई : त्याच.

अल्पेश : अख्खी वाडी तुझ्या विहिरीवर माती काढत व्हती. खाडीकडं कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणून तवाच पंप लावला.

सोनूबाई : तू पन व्हतास माती काडाला. दोन घमेली काडून गेलास. बोललास, काकी, मना काम हाय.

अल्पेश : व्हय.

सोनूबाई : आन गेल्या साली?

अल्पेश : गेल्या साली पन घेतलं.

सोनूबाई : गेल्या साली इहीर खारी झाली व्हती. येसू बोलून गेली व्हती मना. तू इथंच बसला व्हतास, ह्या खुर्चीवर. तुला ठावं व्हतं.

अल्पेश : पयल्या साली नव्हतं ठावं, काकी, आईच्यान. गेल्या साली ठावं व्हतं. औंदा पन ठावं व्हतं. मासे बघितले का मन फिरायचं. वाटायचं, एवढंच साल. आन तू स्वतःवर घेतलंस, गावानं पन तुझ्यावर घातलं, मना कोण इचारायलाच आयला नाय. मी गप्प बसलो. मी लय मोठं पाप केलं.

रुचिका : मी बाहेर थांबते, आजी.

सोनूबाई : बस गं तू. चा पी. तू उठून जायला काय केलंस?

अल्पेश : काकी, काहीतरी बोल. मार मना.

सोनूबाई : दोन वर्सं मी ह्यांच्या फोटूला हार घातला नाय. लाज वाटायची. सनाला फूल वायचं तर मान खाली घालून वायची, वर बगवायचं नाय. वाटायचं, मेल्या मानसाचा येक सबूद मना पालता आयला नाय. रातच्याला इचारायची त्यांना, आता काय करू सांगा. आन तू सकाली येऊन मना इचारायचास, काकी, तब्येत कशी हाय.

अल्पेश : पाइप आजच तोडतो. तळं उपसतो, मासे सगळे काढतो. मशीन तुला पन लावतो, नामाकाकाला पन लावतो. तू बोलशील ते करतो.

सोनूबाई : बाय, तल्यातलं काडलं, पायप तोडला, तर माजी इहीर सुधरंल काय? तुज्या कंपनीचं सोड. खरं सांग.

रुचिका : एका पावसात नाही होणार. दोन-तीन पावसाळे जातील, दर साली थोडं थोडं मीठ धुतलं जाईल. वरून गोडं पाणी मुरलं पाहिजे, म्हणून तळं पावसाच्या पाण्याने भरून राहिलं तर उलट बरंच. विहीर बुजवू नका, एवढं मात्र नक्की. बुजवलीत तर मग काहीच राहणार नाही.

सोनूबाई : आन तवर?

रुचिका : तोवर मशीन विकत घेऊ नका. महिन्याच्या भाड्यावर मिळतं, जाळी बसली तर बदलायची जबाबदारी कंपनीची. दोन घेतलीत तर दोन्ही घरी मीच येईन सर्व्हिसला. फक्त ध्यानात ठेवा, एक हंडा गोडं पाणी निघालं की दोन हंडे खारं बाहेर पडतं. ते परत विहिरीजवळ सोडू नका, पाइप लावून पार खाडीला न्या.

सोनूबाई : पायप तर त्याच्याकडं हायच. तोडू नको रं त्यो. उलटा लाव.

अल्पेश : लावतो.

सोनूबाई : बाय, तुजंच मशीन ठेव. आकडा खरा सांगितलास तू. त्या दोगांनी मना गिऱ्हाईक केलं.

रुचिका : फॉर्मवर सही लागेल, आजी. आणि हा एक रकाना राहिलाय.

सोनूबाई : त्यो अल्पेश भरंल. त्याच्या अक्षरात.

अल्पेश : द्या, मॅडम. भरतो. काकी, मी हात जोडतो. जे बोलायचं ते मना बोल, पन शनिवारी ये. तू नाय आलीस तर पूनमची हळद कोण लावील? तिनं काय केलंय?

सोनूबाई : मांडवात कोन कोन असनार?

अल्पेश : सगळी वाडी.

सोनूबाई : येसू?

अल्पेश : येसूकाकी तर सकाळपासूनच, हळद दळायला.

सोनूबाई : मंग तिच्यासमोर बोल. तिच्या आन सगल्या वाडीच्या. आता मना बोललास ना, पंप, पायप, पयलं साल, गेलं साल, औंदाचं साल, तसंच. येक पन साल गालू नको.

अल्पेश : भर मांडवात? काकी, पूनमच्या सासरची माणसं—

सोनूबाई : नवऱ्याकडची मानसं हलदीला नसतात. मना शिकवू नको, चालीस वर्सं लग्नं लावलीत मी.

अल्पेश : आईला काय वाटंल?

सोनूबाई : ते तुजं तू बग. गनराजाला मी फोन लावते, तू तुज्या आयला सांग. शनवारी मी लुगडं नेसून इथंच बसते.

अल्पेश : म्हणजे येशील? मी बोललो का मीच येतो गाडी घेऊन, तुला न्यायला.

सोनूबाई : तू येऊ नको. येसूला पाठव. ती आयली तर मी उठंन.